पांदण रुंद झाली, वारा मोकळा सुटला

प्रति,
नागपूर जिल्ह्यातली पांदण रस्त्यांची आणि पावसाळी वृक्षलागवडीची कामं मंजूर करणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

स.न.वि.वि.

मृग लागायला आठवडा उरला आहे. आणखी पंधरा दिवसांत रोपांच्या गाड्या निघतील, खड्ड्यांशेजारी उभं राहून फोटो काढले जातील. त्याआधी तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र घाईनं लिहिते आहे. याच विषयावर मी दोन अर्ज रीतसर दिले होते. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून आता चारचौघांत वाचलं जाईल असं लिहावं लागतंय.

मी काटोल तालुक्यातली. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. घरचं सहा एकर वावर आहे, त्यातल्या चार एकरांत संत्रा. बागेच्या पश्चिमेला पांदण आहे, म्हणजे वावरांत जायची सामाईक गाडीवाट. मार्चपर्यंत या पांदणीच्या दोन्ही अंगांना निंब होते, बाभळी होत्या, हिवर होते, मोहाची चार-दोन झाडं आणि खाली बोराटीचं गचपण. बागेसमोरचे अकरा निंब माझ्या सासूबाईंचे. त्यांनी ते लावले असं म्हणता येणार नाही, त्यांनी ते राखले. निंबोळ्या पडून आपोआप उगवलेली रोपं त्यांनी बोराटीच्या काट्यांनी झाकली आणि बैलांना पाणी पाजून येताना हंड्यात उरलेलं पाणी रोज त्यांच्या बुडाशी ओतलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते निंब माझ्या खांद्याएवढे होते. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या सावलीत वीस माणसं बसली होती.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जेसीबी आला. दीड दिवसात दोन्ही बाजू साफ. मी मशीनसमोर जाऊन उभी राहिले तर चालवणारा पोरगा म्हणाला, "मॅडम, मले सांगतलं तेवढं मी करतो." त्याचं खरंच होतं. कोणी सांगितलं होतं ते कागदावर पाहायला मिळेल का, हे विचारायला मी कार्यालयात गेले, तर तिथून मला दुसऱ्या कार्यालयात पाठवलं.

माझा रस्त्याला विरोध नाही, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर पत्राचा तेवढाच अर्थ काढला जाईल. या पांदणीत ट्रॅक्टर पोटापर्यंत फसलेला मी पाहिला आहे. खताची पोती डोक्यावर घेऊन बायका चिखलातून गेल्या आहेत, त्यात मीही होते. आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या संत्र्याचा, माल निघायच्या वेळी पाऊस लांबला की व्यापारी गाडी आत घालत नाही आणि भाव तिथंच पाडतो. रस्ता हवाच होता. आमच्या शेजारच्या भाऊजींनी तर मला तोंडावर सांगितलं, "झाडं गेली तं गेली, रस्ता तं झाला ना वहिनी." त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच म्हटलं असतं. त्यांचं वावर पांदणीच्या वरच्या, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला आहे. वारा आधी त्यांच्याकडून येतो. झाडांच्या आडोशाला होतो ते आम्ही.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे गरम वारा पश्चिम आणि वायव्येकडून येतो. नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की त्याची बातमी होते, पण झाडाला मारतो तो नुसता पारा नाही. तापलेला, कोरडा आणि वाहता वारा मारतो. पानातलं पाणी तो जितक्या वेगानं ओढतो तितक्या वेगानं मुळांना ते वर पाठवता येत नाही. मग झाड हिशेब करतं आणि फळ सोडून देतं. आंबिया बहाराची फळं तेव्हा गोटी ते लिंबाएवढी असतात. यंदा पश्चिमेकडच्या पहिल्या पाच ओळींत आळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती इतकी फळगळ झाली. पूर्वेकडच्या ओळींत नेहमीइतकीच. एका वर्षाच्या निरीक्षणावरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मीच मुलांना शिकवत आले. यंदा विहिरीलाही पाणी कमी होतं. तरीही एकाच विहिरीच्या पाण्यावर, एकाच ठिबकवर, एकाच बागेत हा फरक का पडावा, याचं दुसरं कारण मला सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली अशी की पांदणीची झाडं तुमच्या कागदावर 'अडथळा' म्हणून आहेत. ती काय काम करत होती याचा रकानाच नाही. वाऱ्याच्या वाटेत झाडांची आडवी रांग असली तर तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा चांगलाच मंदावतो आणि थोडाफार परिणाम वीसपटीपर्यंत जाणवतो. म्हणजे दहा मीटर उंच निंबांची रांग शंभर मीटर नक्की सांभाळते आणि दोनशे मीटरपर्यंत आपली आठवण ठेवते. चौकोनी एकराची एक बाजू साधारण चौसष्ट मीटर. गणित तुम्हीच करा, एक रांग आडव्या तीन वावरांना पुरते. यात एक गंमत आहे. रांग भिंतीसारखी गच्च असली तर ती कमी कामाची. वारा वरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून आपटतो. निम्मा वारा गाळून जाऊ देणारी रांग सगळ्यात लांबपर्यंत राखण करते. खाली बोराटी, मध्ये बाभूळ, वर निंब, मधूनमधून फटी. आमची पांदण कुठल्याही तज्ज्ञानं न आखता नेमकी अशीच झाली होती.

दुसरी तक्रार जरा नाजूक आहे, कारण तिच्यात आम्हीही आरोपी आहोत. गावनकाशात पांदण होती तेवढी आज कुठेच उरलेली नाही. प्रत्येक जण धुरा, म्हणजे बांध, कोरत कोरत आत सरकला. माझ्या सासऱ्यांनीही दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, मारलेले आहेत, मला माहीत आहे, कारण जुन्या दगडी खुणा मी स्वतः पाहिल्या आहेत. मशीन आलं तेव्हा रस्त्याला लागणारी रुंदी मिळवायचे दोन मार्ग होते: मोजणी करून दोन्हीकडची कोरलेली जमीन सोडवायची, किंवा मधली झाडं काढायची. झाड भांडत नाही, तलाठ्याकडे जात नाही, निवडणुकीत मत देत नाही. तुम्ही झाडं काढलीत. मोजणी झाली असती तर मला माझे दोन तास सोडावे लागले असते. मी ते सोडायला तयार आहे, हे या पत्रातून जाहीर करते. गावातल्या काही लोकांना हे आवडणार नाही, त्यात माझे दीरही आले.

याच मुद्द्याला जोडून आणखी एक. "मग लावा ना तुमच्या धुऱ्यावर झाडं" असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं. शेती न केलेल्या माणसाला हे सोपं वाटतं. धुऱ्यावरच्या झाडाची सावली आणि मुळं ज्याच्या वावरात जातात त्याची पऱ्हाटी (कपाशी) खुजी राहते, आणि वाऱ्याचा आडोसा मिळतो पलीकडच्याला. तोटा माझा, नफा शेजाऱ्याचा. म्हणूनच धुऱ्यावरची झाडं दर पिढीला कमी होत गेली. पांदणीतली झाडं कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांची राखण करू शकली. गावात झाडांची रांग कोणाशी भांडण न होता उभी राहू शकते अशा जागा मोजक्याच असतात: पांदण, नाल्याचा काठ, गायरानाची कड. त्यातली सगळ्यात लांब जागा तुम्ही मोकळी केलीत.

तिसरी तक्रार लागवडीबद्दल. ती थोडी लांबेल.

महाराष्ट्रात २०१६ साली दोन कोटी रोपांचा संकल्प झाला, २०१७ ला चार कोटींचा, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटींचा. आकडे मोठे झाले. आमच्या गावाच्या वाट्याचे खड्डे मी दरवर्षी पाहत आले. गायरानात एकाच खड्ड्यात तीन वेगवेगळ्या वर्षी रोप लागलेलं मला माहीत आहे. कागदावर ती तीन झाडं असतील. जमिनीवर अजूनही खड्डाच आहे.

इथं भूगोलाच्या मास्तरणीची सवय आड येते, तर क्षमा असावी. मी मुलांना रशियातला स्टेपचा गवताळ प्रदेश शिकवायचे. आमच्या पिढीनं लहानपणी स्वस्तात मिळणारी रशियन पुस्तकं मराठीतून वाचली, त्यामुळे तो प्रदेश आम्हाला उगाचच ओळखीचा वाटायचा. १८९१ साली तिथं भीषण अवर्षण पडलं, पिकं जळाली, दुष्काळ झाला. पुढच्याच वर्षी तिथल्या वन खात्यानं दोकुचायेव या मृदाशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक खास मोहीम पाठवली. व्होरोनेझकडच्या कामेन्नाया स्टेप नावाच्या उघड्याबोडक्या पठारावर त्यांनी शेतांच्या कडेनं झाडांचे पट्टे लावले, घळी बांधल्या, तळी केली. ओक, ॲश, एल्म, आणि खाली कॅरागानाची झुडपं. सव्वाशे वर्षं उलटून गेली, ते पट्टे आजही उभे आहेत. हाच दोकुचायेव आधुनिक मृदाशास्त्राचा जनक मानला जातो, आणि त्याचा गाजलेला अभ्यास काळ्या मातीवरचाच. तिथली काळी माती कुजलेल्या गवतामुळे काळी आहे आणि आपली बेसाल्टच्या चिकणमातीमुळे, हा फरक परीक्षेत मी हमखास विचारायचे.

मग आला १९४८ चा ऑक्टोबर. स्टालिनच्या सरकारनं निसर्ग बदलायची योजना जाहीर केली: मिळून ५,३०० किलोमीटरहून लांब भरतील असे आठ सरकारी पट्टे आणि १९६५ पर्यंत एकूण ५७ लाख हेक्टर संरक्षक लागवड. ओक कसा लावायचा ते लिसेंको नावाच्या बड्या कृषिशास्त्रज्ञानं ठरवून दिलं. एकाच जातीची रोपं आपसात स्पर्धा करत नाहीत, म्हणून एकेका जागी पुंजक्यानं बिया टाका, निंदण-खुरपणीची फार गरज नाही, असा त्याचा सिद्धांत. वरून आदेश, खालून आकडे. त्यातली पुष्कळ रोपं मेली. १९५३ मध्ये स्टालिन वारला आणि योजना बहुतांशी गुंडाळली गेली. जुन्या पद्धतीनं, म्हणजे आधी जमीन पडीक ठेवून ओल साठवून, लावल्यावर झाडांचे शेंडे एकमेकांना भिडेपर्यंत दरवर्षी तण काढून, जे पट्टे वाढवले गेले ते जगले.

अमेरिकेतही तसंच. १९३० च्या दशकात तिथल्या मैदानांवरची माती धुळीची वादळं होऊन उडाली तेव्हा, १९३५ ते १९४२ या काळात, नॉर्थ डाकोटापासून टेक्सासपर्यंत सुमारे बावीस कोटी झाडांचे जवळपास तीस हजार किलोमीटर पट्टे लावले गेले. रोपं आणि लागवड सरकारची, जमीन आणि राखण शेतकऱ्याची, असा स्वच्छ करार होता. चीननं १९७८ पासून उत्तरेला असाच पट्टा धरला, पण काही भागांत पॉपलर या एकाच झाडावर भर दिला, आणि निंगशिया प्रांतात खोडकिड्यानं तो मोठ्या प्रमाणावर खाऊन टाकला.

तुम्ही म्हणाल, नागपूरला हे कशाला? तिथं वर्षाचा पाऊस पुष्कळ कमी, आपल्याकडे हजार मिलिमीटरच्या आसपास. खरं आहे. तिथल्या पट्ट्यांचं मोठं काम शेतावर बर्फ धरून ठेवायचं, आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही. पण आपला पाऊस चार महिन्यांत पडून संपतो. मार्च ते मे या तीन महिन्यांत आमच्या बागेची अवस्था कुठल्याही स्टेपपेक्षा वाईट असते, आणि नेमकं तेव्हाच झाडावर फळ असतं. त्या सगळ्या देशांतून मला एवढंच घ्यावंसं वाटतं, की मोजायची ती रोपं नाहीत. रांग किती लांब आहे, तिच्यात खिंडार किती आणि ती वाऱ्याला आडवी आहे का, हे मोजायचं. आपल्याकडे तिन्ही गोष्टी कोणी विचारत नाही. रोपं कुठंही लावली तरी आकड्यात भर पडते.

चौथी तक्रार छोटी आहे: जाती. गेल्या वर्षी गावातल्या एका नव्या रस्त्याकडेला गुलमोहर आणि पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर) आले. दिसायला सुरेख, वावधनात पहिल्यांदा मोडतात ते हेच. गावात शिवण, करंज, चिंच, हिवर, अंजन मागितलं की नर्सरीत नाही असं उत्तर येतं. आणि उलट बाजूनं, एका उत्साही संस्थेनं मागे संत्र्याच्या बागांना लागून कढीपत्ता, बेल आणि कवठ वाटले होते. हेतू चांगला असेल, पण ही लिंबूवर्गाची भावंडं. सिट्रस सिला ही कीड कढीपत्त्यावर आनंदानं नांदते, लिंबावरच्या फुलपाखराच्या अळीला बेलही चालतो. रांगेवर गुळवेल आणि वासनवेल चढू देणंही आम्हाला परवडत नाही, फळातला रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या या वेलींवरच वाढतात. झाड म्हणजे झाड, असं संत्रा पट्ट्यात चालत नाही.

हे सगळं सांगू शकणारी माणसं शोधायला तुम्हाला दिल्लीला जायचं नाही. मातीचा देशभराचा अभ्यास करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था, दोन्ही नागपुरात अमरावती रोडवर आहेत. तुमच्या कार्यालयापासून ऑटोनं जाता येईल इतक्या जवळ. देशाचं कृषिवनीकरण धोरण २०१४ पासून अस्तित्वात आहे. माणसं आहेत, कागद आहे. पांदणीचं अंदाजपत्रक करताना मात्र फक्त मुरूम आणि खडीचा दर पाहिला जातो.

आता मागण्या. फार नाहीत.

ज्या पांदणींचं काम अजून सुरू व्हायचं आहे, तिथं मशीन जाण्याआधी गावनकाशाप्रमाणे मोजणी करा आणि झाडांना क्रमांक द्या. रुंदी कमी पडत असेल तर कोरलेले धुरे मोकळे करा. तरीही एक बाजू काढावीच लागली तर पांदण उत्तर-दक्षिण असताना पश्चिमेची रांग ठेवा. बागा कुठल्या अंगाला आहेत ते पाहून बदल करायचा तर करा, पण पाहून करा.

आमच्यासारख्या मोकळ्या झालेल्या पांदणींवर याच पावसाळ्यात दोन ओळींची लागवड व्हावी. वरची ओळ निंब, करंज, शिवण, हिवर अशी मिश्र. खालची सीताफळ, बोर, शेवरीची, म्हणजे लवकर आडोसा होईल आणि बायकांना चार पैसे मिळतील. वावराच्या बाजूनं हातभर रुंद आणि कमरेएवढा खोल चर काढून द्या, म्हणजे मुळं वावरात शिरल्याची ओरड होणार नाही. ट्रॅक्टर वळायला जिथं जागा लागते तिथं लावूच नका, पहिल्याच हंगामात ते रोप चाकाखाली जाईल.

पैसे खड्ड्यावर देऊ नका. रोजगार हमीतून पाणी घालणाऱ्या, निंदण करणाऱ्या बायकांना तीन उन्हाळे मजुरी द्या, आणि शेवटचा हप्ता तिसऱ्या मेच्या अखेरीस जिवंत रांग मोजून द्या. मोजणी ग्रामसभेत वाचून दाखवा. मेलेली रोपंही वाचा.

आणि मार्चमध्ये आमच्या पांदणीवर किती झाडं तोडली, कोणत्या परवानगीनं तोडली आणि लाकूड कुठं गेलं, याचं लेखी उत्तर मला द्या. झाडतोडीचा कायदा महाराष्ट्रात १९६४ पासून आहे. अकरा निंबांचा हिशेब मला सासूबाईंना द्यायचा नाही, त्या केव्हाच गेल्या. मला तो माझ्या दोन अर्जांच्या पोचपावत्यांना जोडून फाइलला लावायचा आहे.

उत्तर मृगाच्या पावसाआधी आलं तर यंदाचा हंगाम हाती लागेल. नंतर आलं तर एक उन्हाळा आणखी जाईल आणि पश्चिमेच्या त्या पाच ओळी मला उपटाव्या लागतील. पुढच्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, तुमच्यापैकी कोणालाही पांदणीवर यायचं असेल तर मी तिथं असते. आधी फोन करून आलात तर पन्हं करून ठेवीन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका आणि संत्रा बागायतदार
ता. काटोल, जि. नागपूर